पायाखालचा चेहरा

वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाच्या कानी नागासाकी हे नाव अणुबाँबच्याही आधी पडते. ते पडते संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावासोबत. १५५६ च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज पित्याचा आणि इथल्याच मातेचा हा मुलगा येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात शिकला, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला आणि तेथील भाषा बोलू लागला. मध्यंतरी काही काळ व्यापारात रमून अखेर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. आज वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु आपल्या संतचरित्रांची एक सवय आहे. रक्तसाक्षीच्या अखेरच्या श्वासाबरोबर ती मिटतात. त्या टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून ज्यांनी ते दृश्य पाहिले, जे डोळे पुसून घरी परतले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत ज्यांच्या दारावर एकेक करून थाप पडत गेली, त्यांचे काय झाले, हे आपल्या वाचनात सहसा येत नाही. शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक कादंबरीकाराची ‘चिनमोकु’, म्हणजे ‘मौन’, ही १९६६ सालची कादंबरी त्या माणसांपाशी जाते. ती कादंबरी, तिच्यामागचा खराखुरा इतिहास आणि त्यावर निघालेले चित्रपट हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आयर्लंडचे येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी १९६९ साली तिचा इंग्रजी अनुवाद केला. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे, की हे पुस्तक सांत्वन करीत नाही. निदान पहिल्या वाचनात तरी करीत नाही.

इतिहास काळाकुट्ट आहे, आणि तो जाणल्यावाचून कादंबरीचे मोल कळत नाही. ज्या दशकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापून (१६१६) मराठी श्रद्धावंतांच्या हाती येत होते, त्याच दशकात, १६१४ साली, तोकुगावा राजवटीने जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले, राहिलेल्यांना हुडकून जाळले. लवकरच अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले, की चितेभोवती जमलेला समुदाय भेदरून पांगत नाही, तर गुडघे टेकून प्रार्थना करतो. रक्तसाक्षी मरताना आणखी दहांना बळ देऊन जातो. तेव्हा त्यांनी आपले उद्दिष्टच बदलले. त्यांना आता प्रेते नको होती. धर्म सोडलेली, आणि तेही जिवंत राहून लोकांच्या डोळ्यांसमोर वावरणारी माणसे हवी होती. यासाठी त्यांनी दोन साधने सिद्ध केली. एक, ‘फुमिए’, म्हणजे पाय ठेवण्यासाठी मुद्दाम घडवलेली ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा. संशयिताने तिच्यावर पाऊल ठेवायचे, एवढेच. दुसरे साधन म्हणजे खड्डा. माणसाला घट्ट आवळून, उलटे टांगून, त्याचे डोके खड्ड्यात सोडायचे. रक्त डोक्यात साकळून लवकर मृत्यू येऊ नये म्हणून कानशिलापाशी बारीकशी चीर द्यायची. हाताने खूण केली की सुटका.

ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकी येथे या खड्ड्यावर टांगलेल्यांत दोन येशूसंघीय होते. एक फादर क्रिस्तोव्हाव फेरेरा. हे पोर्तुगीज धर्मगुरू वीस वर्षांहून अधिक काळ जपानात राबलेले आणि त्या वेळी तेथील मिशनचे प्रमुख होते. दुसरे जपानी फादर ज्युलियन नाकाउरा. साठी उलटलेले हे गृहस्थ लहानपणी, १५८२ साली निघालेल्या जपानी शिष्टमंडळातून गोव्यामार्गे रोमला जाऊन आले होते. फादर नाकाउरा चौथ्या दिवशी त्या खड्ड्यातच मरण पावले. फादर फेरेरा यांनी पाच तासांनी खूण केली. पुढे त्यांना जपानी नाव मिळाले, जपानी घर मिळाले, ख्रिस्ती धर्माविरुद्धचे एक पुस्तक १६३६ साली त्यांच्या नावावर लिहिले गेले, आणि पकडून आणलेल्या मिशनऱ्यांच्या उलटतपासणीत त्यांनी दुभाष्याचे काम केले. तोच खड्डा आणि तेच दिवस. एक आज धन्यवादित म्हणून वेदीवर आहे (२००८ साली नागासाकी येथे तो सोहळा झाला), आणि दुसऱ्याचे नाव घ्यायला कोणी धजत नव्हते.

ही वार्ता माकाव, गोवा आणि रोम येथे पोहोचली तेव्हा युरोपीय ख्रिस्तसभेला बसलेल्या धक्क्याची कल्पना आज करता येणे कठीण. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी पाहिलेली असते. गोव्याच्या कारागिरांनी ती घडवली ती नेपल्सचे येशूसंघीय फादर मार्चेल्लो मास्त्रिल्ली यांच्या प्रेरणेने, १६३६–३७ च्या सुमारास. पेटीचे काम मार्गी लावून हेच फादर मास्त्रिल्ली पुढे जपानला गेले आणि ऑक्टोबर १६३७ मध्ये नागासाकीला त्याच खड्ड्याच्या यातना सोसून शिरच्छेदाने मरण पावले. त्यांच्यामागून १६४२–४३ मध्ये फादर अंतोनियो रुबिनो यांच्या प्रेरणेने दोन तुकड्या निघाल्या. पहिली तुकडी, स्वतः रुबिनो यांच्यासह, छळाला न जुमानता मेली. दुसरी तुकडी मोडली. तिच्यातील सिसिलीचे फादर जुझेप्पे कियारा यांनी धर्म सोडला, त्यांना मृत जपानी मनुष्याचे नाव आणि पत्नी देण्यात आली, आणि एदो नगरातील ‘ख्रिस्ती वाड्या’त नजरकैदेत जवळजवळ चाळीस वर्षे काढून १६८५ साली ते वारले. एन्दो यांच्या कादंबरीचा नायक सेबास्टियन रॉड्रिग्स याच्या मागे हे फादर कियारा उभे आहेत.

स्वतः एन्दो (१९२३–१९९६) या विषयाकडे कसे वळले? वडिलांपासून विभक्त झालेल्या आईने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि तिच्या आग्रहावरून या मुलाचा बाप्तिस्मा झाला. हा धर्म म्हणजे आपल्या अंगाला न बसणारा, आईने चढवलेला पाश्चात्त्य पोशाख आहे, असे त्यांना आयुष्यभर वाटत राहिले. तो उतरवून टाकावासा वाटला तरी आईने दिलेला म्हणून टाकवेना. फ्रान्समध्ये शिक्षण, क्षयाचे दुखणे, फुप्फुसांच्या शस्त्रक्रिया, रुग्णालयात गेलेला दीर्घ काळ. नागासाकीच्या एका संग्रहालयात त्यांना एक जुने फुमिए दिसले. असंख्य पावलांनी घासून ख्रिस्ताचा चेहरा सपाट झाला होता, आणि भोवतालच्या लाकडी चौकटीवर अंगठ्यांचे काळसर ठसे उमटले होते. ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांची नावे ख्रिस्तसभेच्या नोंदींत आहेत. ज्यांचे हे अंगठे, त्यांचे नाव कोणाच्याही लेखी नाही. एन्दो यांना त्या अंगठ्यांची माणसे हवी होती, आणि मला वाटते, यांपैकी आपण कोण असतो, हा प्रश्नही त्या चौकटीपाशीच त्यांच्या मनात उभा राहिला असावा.

कादंबरीची मांडणी मोठी विलक्षण आहे. फेरेरा यांचे जुने शिष्य रॉड्रिग्स आणि गारुपे लिस्बनहून गोव्यामार्गे माकावला येतात. आपले गुरू धर्म सोडतील यावर त्यांचा विश्वास बसत नाही. तो शोध आणि धर्मगुरूवाचून पोरक्या झालेल्या श्रद्धावंतांची सेवा असा दुहेरी हेतू धरून ते चोरवाटेने जपानात उतरतात. (माकाव येथे त्यांना निरोप देणारे फादर व्हॅलिन्यानो इतिहासात १६०६ सालीच निवर्तले होते. कादंबरीकाराने घेतलेले हे स्वातंत्र्य चालून जाते. इतिहासाच्या शिक्षकांना ते खटकेल.) पूर्वार्ध रॉड्रिग्सच्या पत्रांतून येतो. त्यात तरुण मिशनऱ्याचा उत्साह आहे, आणि नकळत डोकावणारा थोडा अहंकारही. ख्रिस्ताचा चेहरा तो सतत डोळ्यांसमोर आणतो. तो चेहरा देखणा, युरोपीय चित्रांतला आहे. पुढे तो पकडला जातो आणि पत्रे थांबतात. निवेदन तृतीयपुरुषी होते, जणू स्वतःविषयी बोलण्याचा त्याचा अधिकारच काढून घेतला गेला आहे. आणि अखेरीस, ख्रिस्ती वाड्यातील एका कारकुनाच्या रोजनिशीचे कोरडे उतारे. पुष्कळ वाचक तेथपर्यंत येऊन पुस्तक मिटतात, कारण कथा संपली असे त्यांना वाटते. तसे करू नये. त्या रोजनिशीत दोन बारीक नोंदी आहेत. वृद्ध झालेल्या रॉड्रिग्सला आपल्या धर्मत्यागाचा कागद पुन्हा लिहून द्यावा लागतो. आणि त्याच्या नोकराच्या गळ्यातील ताईतात ख्रिस्ती चिन्ह सापडते. एकदा धर्म सोडलेल्या माणसाकडून तो पुन्हा का सोडवून घ्यावा लागावा? कारकून काही म्हणत नाही. एन्दोही म्हणत नाहीत.

मधला मुख्य प्रसंग थोडक्यात सांगणे भाग आहे. कोठडीच्या काळोखात रॉड्रिग्सला पहारेकऱ्यांचे घोरणे ऐकू येते आणि त्या ग्राम्य आवाजाचा त्याला तिटकारा वाटतो, हसूही येते. मग फेरेरा येऊन सांगतात, की ते घोरणे नव्हे. खड्ड्यावर टांगलेल्या शेतकऱ्यांचे ते कण्हणे आहे. त्यांनी केव्हाच धर्म सोडल्याचे कबूल केले आहे. तरी ते सुटणार नाहीत, जोवर हा धर्मगुरू फुमिएवर पाय ठेवीत नाही. आपल्या यातनांसाठी तयार होऊन आलेल्या मनुष्यासमोर इतरांच्या यातना ठेवल्या जातात. पहाटे तो प्रतिमेपुढे उभा राहतो, झिजलेल्या त्या चेहऱ्याकडून त्याला पाय ठेवण्याची अनुज्ञा मिळते, तो पाय ठेवतो, कोंबडा आरवतो. संत पेत्राची आठवण कोणालाही व्हावी.

आपल्यापैकी कोणीही येथे विचारील, आणि नागासाकीच्या अनेक कॅथलिकांनी १९६६ साली विचारलेही: पाय ठेवणे क्षम्य असेल, तर टेकडीवरचे सव्वीस जण कशासाठी मेले? बारा वर्षांचा लुईस इबाराकी त्यांत होता. त्याने काय समजून घ्यायचे? या प्रश्नाला भावुक उत्तर देऊन चालणार नाही. कादंबरीच्या बचावासाठी काही समीक्षक रॉड्रिग्सचे पाऊल हेच खरे आत्मबलिदान, असे सांगून मोकळे होतात. तसे मानले तर मोकिचि आणि इचिझो हे दोन खेडूत, ज्यांना भरतीच्या लाटांत क्रुसावर बांधून दिवसचे दिवस मारले जाते, ते केवळ पहिल्या अंकातले भोळे जीव ठरतात. एन्दो तसे लिहीत नाहीत. त्या दोघांचे मरण हा कादंबरीतला सर्वांत उंच भाग आहे, आणि तेथे लेखकाची वाणी आदराने खाली येते. मात्र गारुपेच्या बाबतीत ते कमी पडले, असे मला वाटते. चटईत गुंडाळून समुद्रात लोटलेल्या श्रद्धावंतांमागे हा धर्मगुरू पोहत जातो आणि बुडतो. त्याने धर्म सोडला नाही आणि माणसेही सोडली नाहीत. रॉड्रिग्सपुढे ठेवलेल्या पेचाला गारुपेचे मरण हे एक उत्तर आहे, पण कादंबरी त्याला दूरवरून, काही ओळींत पाहते आणि पुढे सरकते.

खरे उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासात जुनेच आहे. इसवी सन २५० मध्ये सम्राट देसियसच्या छळात असंख्य ख्रिस्ती जनांनी मूर्तींपुढे धूप जाळला. छळ ओसरल्यावर ते दाराशी परत आले. त्यांना आत घ्यायचे की नाही, यावरून ख्रिस्तसभेत दुफळी माजली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या पुढाकाराने प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचे ठरले. हेच सिप्रियन २५८ साली स्वतः रक्तसाक्षी झाले. रक्तसाक्ष्याचा गौरव आणि पडलेल्याचा स्वीकार या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या. त्यांत त्याला विसंगती वाटली नाही.

आता किचिजिरोकडे येतो, कारण माझ्या मते या कादंबरीचा प्राण तो आहे, रॉड्रिग्स नव्हे. दारुडा, भेदरट, घाणेरडा असा हा कोळी. त्याच्या साऱ्या कुटुंबाने फुमिएवर पाय ठेवायला नकार दिला आणि ते जाळले गेले. याने ठेवला आणि तो जगला. मिशनऱ्यांना तोच जपानात आणतो, तोच पैशासाठी रॉड्रिग्सला पकडून देतो, आणि तोच तुरुंगाच्या दाराशी पावसात उभा राहून पापनिवेदनासाठी ओरडत राहतो. पुन्हा पाय ठेवतो, पुन्हा येतो. शूरांच्या काळात जन्मलो असतो तर मीही भला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, या आशयाचे त्याचे गाऱ्हाणे वाचताना हसावे की रडावे कळत नाही. रॉड्रिग्स त्याच्यात यहूदा पाहतो. त्याला पापक्षमा देताना त्याचे ओठ हलतात, मन हलत नाही. वाचकाचीही अवस्था तीच होते. किचिजिरोचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातच एन्दो आपल्याला पकडतात. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याविषयी आपण इतकी प्रवचने ऐकली आहेत. पण ती मागणारा मनुष्य पंधराव्या वेळेला दाराशी आला की कसा दिसतो, हे कोणी दाखवले नव्हते.

आपल्याकडे असे पात्र निर्माण झाले आहे काय? नाताळ अंकांतील कथा आठवाव्यात. त्यांतील वाट चुकलेला मुलगा शेवटच्या परिच्छेदात मध्यरात्रीच्या मिस्साला हटकून परत येतो, आई डोळे पुसते, घंटा वाजते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गुत्त्यावर गेला, की कथा लिहायला कोणी बसत नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असा एक तरी मनुष्य असतो, ज्याच्या घरी आशीर्वाद द्यायला जाताना धर्मगुरूंचे पाऊल जड होते. त्याच्यावर लिहिणे म्हणजे धर्माची बदनामी, असा समज आपण करून घेतला आहे.

कादंबरीतला दुसरा वाद मराठी ख्रिस्ती वाचकाला विशेष लागू पडावा. फेरेरा रॉड्रिग्सला सांगतात, की जपान ही दलदल आहे. येथे लावलेल्या रोपाची मुळे कुजतात. या लोकांनी पूजले ते आपल्या देवाला नव्हेच; आपल्या शब्दांना त्यांनी आपले अर्थ चिकटवले, आणि झेवियर यांच्या काळापासून हा घोटाळा चालत आला. हा युक्तिवाद मोठ्या ताकदीने मांडला आहे, आणि रॉड्रिग्सजवळ त्याला उत्तर नाही. पण आपल्याजवळ आहे. आपण ‘परमेश्वर’ म्हणतो, ‘कृपा’ म्हणतो, ‘प्रसाद’ म्हणतो. फादर स्टीफन्स यांनी तर ख्रिस्तकथा ओवीत सांगितली. या शब्दांना आपल्यापूर्वीचा अर्थ चिकटलेला होता, म्हणून आपली श्रद्धा खोटी ठरते काय? बेथलेहेमची गोष्ट ओवीत ऐकणाऱ्या आजीला कोणी सांगून पाहावे, की तू पूजतेस तो येशू नव्हे. फेरेरा यांचा युक्तिवाद पराभूत मनुष्याचा आहे. आपण मोडलो, कारण येथली जमीनच वाईट होती, असे त्यांना म्हणावे लागते. एन्दो हे जाणतात. त्यांनी फेरेरा यांच्या चेहऱ्यावर लाचारीची जी एक छटा रेखली आहे, ती त्या साऱ्या वक्तृत्वाला पुरून उरते.

चित्रपटांविषयी. मासाहिरो शिनोदा यांनी १९७१ साली पहिला चित्रपट केला. मोठ्या स्टुडिओची नोकरी सोडून स्वतःची निर्मितीसंस्था काढलेल्या जपानी दिग्दर्शकांपैकी ते एक. पटकथा त्यांनी स्वतः एन्दो यांच्याबरोबर लिहिली, छायालेखन काझुओ मियागावा यांचे, संगीत तोरु ताकेमित्सु यांचे. चित्रपटात दोष आहेत. फेरेरांची भूमिका तेत्सुरो ताम्बा या जपानी नटाला दिल्याने काही क्षण रसभंग होतो, आणि मिशनऱ्यांची कामे करणाऱ्या अमेरिकन नटांचे संवाद अडखळतात. तरीही समुद्र, चिखल, दगड यांचे जे जपान मियागावा दाखवतात, ते कोणा पाहुण्याने पाहिलेले नाही. किचिजिरोच्या भूमिकेत माको आहेत, त्यांना पाहावेच. शेवट मात्र कठोर आहे. मोडलेला धर्मगुरू त्याला दिलेल्या स्त्रीकडे वळतो आणि तेथेच चित्रपट थांबतो. ताईत नाही, दुसरा कागद नाही, क्षमेची फटही नाही. एन्दो यांच्या कादंबरीत शेवटी जो बारीक दिवा तेवत राहतो, तो शिनोदा यांनी फुंकून टाकला आहे.

मार्टिन स्कॉर्सेसी यांना ही कादंबरी १९८८ साली एका एपिस्कोपल बिशपांनी भेट दिली, आणि चित्रपट पूर्ण व्हायला २०१६ साल उजाडले. पैसा उभा राहीना, कज्जे झाले, नट बदलले. एवढ्या नावाजलेल्या दिग्दर्शकालाही असा विषय घेऊन दारोदार फिरावे लागले. चित्रीकरण तैवानमध्ये झाले. पावणेतीन तासांच्या आसपासचा हा चित्रपट पडद्यावर फारसा चालला नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रातकिडे, लाटा, वारा. मौन ऐकवण्याचा याहून सरळ मार्ग नव्हता. मोकिचिचे काम करणारे शिन्या त्सुकामोतो हे स्वतः तुटपुंज्या पैशांत चित्रपट काढणारे दिग्दर्शक आहेत. लाटांतल्या क्रुसावर त्यांनी म्हटलेले स्तोत्र विसरता येत नाही. इनोउए या न्यायाधीशाच्या भूमिकेत इस्से ओगाता हसत हसत जो थरकाप उडवतात, तो आरडाओरड करणाऱ्या दहा खलनायकांना साधला नसता. माझी तक्रार अखेरच्या चित्राविषयी आहे. चितेवरील रॉड्रिग्सच्या मुठीत इवलासा क्रूस दिसतो. हा मनुष्य मनातून ख्रिस्ताचाच राहिला, अशी खात्री प्रेक्षकाला देऊन घरी पाठवले जाते. कादंबरी ही खात्री देत नाही. ती कारकुनाच्या दोन नोंदी देते आणि आपल्याला तळमळत ठेवते. स्कॉर्सेसींना रॉड्रिग्सवर दया आली. श्रद्धावंत म्हणून मला ती समजते, वाचक म्हणून ती थोडी जास्त वाटते. पण किचिजिरोला त्यांनी पुरता न्याय दिला आहे. योसुके कुबोझुका यांचा किचिजिरो परत परत येतो तेव्हा प्रेक्षक आधी हसतो, मग कंटाळतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी गप्प होतो.

पोर्तुगीज दिग्दर्शक जुआव मारियु ग्रिलु यांचा १९९६ सालचा ‘आशियाचे डोळे’ हा चित्रपट फादर नाकाउरांच्या बाजूने याच घटनेकडे पाहतो. तो मिळवून पाहणे कष्टाचे आहे, पण ‘मौन’ वाचलेल्याने ते कष्ट घ्यावेत. फेरेरांच्या पाच तासांशेजारी नाकाउरांचे चार दिवस ठेवल्यावाचून हे चित्र पुरे होत नाही.

एन्दो जे सांगत नाहीत, कारण त्यांची कथा त्याआधीच संपते, ते इतिहासात आहे. फेरेरांची दलदल खोटी ठरली, आणि ती रक्तसाक्ष्यांनी एकट्यांनी खोटी ठरवली नाही. ते तर मरून गेले होते. नागासाकीच्या परिसरातील खेड्यांत लोक वर्षारंभी मुकाट्याने रांगेत उभे राहत, फुमिएवर पाय ठेवीत, घरी येत, दार लावून घेत, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते ‘कोंचिरिसान’ म्हणत. पश्चात्तापाच्या पोर्तुगीज शब्दाचा हा जपानी उच्चार. आपल्याकडे ‘कोन्फेसार’चा ‘कुमसार’ झाला, त्याच घराण्यातला. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नाही, तेव्हा अंतःकरणापासून केलेला पश्चात्ताप पुरेसा आहे, हे सांगणारी एक पुस्तिका १६०३ साली निघाली होती. तिच्या नकला हातोहात, पिढ्यान्पिढ्या जपल्या गेल्या. दरवर्षी पाय ठेवायचा आणि दरवर्षी क्षमा मागायची. दोनशेहून अधिक वर्षे एक धर्मगुरू नाही, एक मिस्सा नाही, आणि बाप्तिस्मा मात्र बापाकडून मुलाकडे चालत आलेला. ही किचिजिरोची प्रजा होती.

जपानची दारे उघडल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत परदेशी व्यापाऱ्यांसाठी एक चर्च बांधले. ओउरा येथले ते चर्च निशिझाका टेकडीकडे तोंड करून उभे आहे, आणि १८६५ साली ते अर्पण केले गेले ते नुकत्याच संतपद मिळालेल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना. म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांनाही. त्याच वर्षी १७ मार्च रोजी उराकामी खेड्यातील दहा-पंधरा शेतकरी बुजत बुजत त्याच्या दाराशी आले. फादर बर्नार्ड पेतिज्याँ यांनी दार उघडले. ते वेदीपुढे प्रार्थना करीत असता त्यांतील एक स्त्री जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे.